गाठ दिसते, पण तिचा काठ कुठे?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये ‘डर्मासेन्सर’ नावाच्या उपकरणाला परवानगी दिली. हातात मावेल एवढं यंत्र. त्वचेवरच्या शंकास्पद डागावर त्याचं टोक टेकवायचं. ते प्रकाश सोडतं, त्वचेतून परत आलेला प्रकाश मोजतं आणि काही सेकंदांत सांगतं: पुढची तपासणी करा, किंवा नुसतं लक्ष ठेवा. अशी बातमी आली की मथळा ठरलेला असतो, ‘आता प्रकाशानेच कॅन्सर कळणार’. मग ती फिरत फिरत घरच्या ग्रुपवर येते, आणि ज्याची बायोप्सी चार दिवसांवर आलेली असते तो विचारतो, हे असताना मला सुई कशाला?

प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर मथळ्यात मिळत नाही. या यंत्रांमागचं विज्ञान खरं आहे आणि जवळपास शंभर वर्षांच्या मेहनतीने इथवर आलं आहे. मात्र निरोगी माणसांत कॅन्सर हुडकत फिरणं हा त्याचा सर्वांत चांगला उपयोग नाही, असं माझं मत आहे. कॅन्सर आहे हे आधीच माहीत असताना तो नेमका कुठे संपतो हे ऑपरेशनच्या टेबलावर दाखवणं, तिथे ही तंत्रं खरी कामाला येतात. असं का, ते पायरीपायरीने पाहू.

## स्कॅनमध्ये काय दिसतं, काय नाही

एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी, एमआरआय ही सगळी यंत्रं शरीराच्या आतली रचना दाखवतात. एक्स-रे आणि सीटीत किरण कुठे किती अडले ते दिसतं. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी कुठून परत फिरल्या ते दिसतं. एमआरआयमध्ये मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं चुंबकीय क्षेत्रात कशी वागली ते दिसतं. गाठ आजूबाजूच्या भागापेक्षा वेगळी वागली तर ती चित्रात उठून दिसते.

अडचण अशी की कॅन्सर नसलेल्या गोष्टीही वेगळ्या वागतात. सूज, जुना व्रण, जंतुसंसर्ग. मेंदूच्या ट्यूमरला रेडिएशन दिल्यावर काही महिन्यांनी एमआरआयमध्ये नवा चमकदार भाग दिसला, तर तो परत वाढलेला ट्यूमर आहे की रेडिएशनने मेलेला पेशीसमूह, हे नुसत्या चित्रावरून सांगणं अनुभवी रेडिओलॉजिस्टलाही जड जातं. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, त्यामुळे इथे अंदाजावर चालत नाही.

म्हणून बायोप्सी. तुकडा काढायचा, फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, मेणात बसवायचा, काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप घ्यायचे, रंग द्यायचा आणि पॅथॉलॉजिस्टने मायक्रोस्कोपखाली पाहायचं. यात काही दिवस जातात. निदानाच्या टप्प्यावर ते चालतं. ऑपरेशन चालू असताना चालत नाही.

तिथे सर्जनपुढे प्रश्न असतो तो मार्जिनचा. गाठीभोवती निरोगी भागाची एक कड काढावी लागते आणि त्या कडेत कॅन्सरच्या पेशी उरता कामा नयेत. सर्जनजवळ असतात स्वतःचे डोळे, बोटं आणि फ्रोझन सेक्शनची सोय. फ्रोझन सेक्शन म्हणजे तुकडा गोठवून घाईने केलेली तपासणी. तिला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात आणि सगळी कड तपासणं शक्य नसतं, मोजक्या जागाच पाहता येतात. स्तन वाचवून केलेल्या ऑपरेशननंतर अंतिम रिपोर्ट येतो तेव्हा रुग्ण घरी गेलेली असते, आणि कधी कधी रिपोर्टात ‘मार्जिन पॉझिटिव्ह’, म्हणजे कडेत कॅन्सरच्या पेशी उरल्या आहेत, असं लिहिलेलं असतं. इंग्लंडमधल्या पन्नास हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असं ऑपरेशन झालेल्या साधारण पाचांपैकी एकीला पुन्हा ऑपरेशन करावं लागल्याचं दिसलं. पुन्हा भूल, पुन्हा जखम, पुढचे उपचार लांबणीवर. हे सगळं त्या एका कडेसाठी.

मेंदूत तर ‘जास्तीचं काढून टाकू’ ही मुभाच नसते. गाठीला लागून असलेला भाग बोलण्याचा किंवा हात हलवण्याचा असू शकतो.

## प्रकाशावरून पदार्थ कसा ओळखतात

प्रकाश पदार्थावर पडला की काही रंग शोषले जातात, काही परत येतात, काही थोडे बदलून येतात. कोणत्या रंगाचा किती प्रकाश आला हे मांडलं की जो आलेख तयार होतो तो वर्णपट. वर्णपटावरून पदार्थ ओळखण्याच्या शास्त्राला वर्णपटमापन किंवा स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. तिची ताकद किती आहे याचा जुना दाखला हेलियमचा. १८६८ मध्ये सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेघ सापडली आणि सूर्यावर नवं मूलद्रव्य आहे असा निष्कर्ष निघाला. पृथ्वीवर तो वायू हाती लागला १८९५ मध्ये. म्हणजे ज्या पदार्थाला कुणी हात लावला नव्हता, त्याची ओळख प्रकाशाने आधीच करून दिली होती.

कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर हेही वर्णपटमापनच करतो. बोटातून तो लाल आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड) असे दोन प्रकारचे प्रकाश पाठवतो. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्या फरकावरून आकडा येतो. दोनच रंग, एकच रेणू, तरी एवढी उपयोगी माहिती. कॅन्सरच्या तपासात रंग शेकडो असतात आणि रेणू हजारो.

यातली सर्वांत बारकाईची पद्धत आपल्याकडच्या शोधावर उभी आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात शोधलेला आणि १९३० चं नोबेल मिळवून देणारा रामन परिणाम. मडकं घेताना आपण ते वाजवून घेतो. डोळ्यांना तडा दिसत नाही, पण बोटाने टिचकी मारली की पक्क्या मडक्याचा आणि तडकलेल्याचा आवाज वेगळा येतो. रामनच्या पद्धतीत टिचकी मारतो लेझरचा प्रकाश आणि वाजतात रेणू.

ही तुलना भौतिकशास्त्राच्या बरीच जवळ आहे. रेणूतले अणू एकमेकांना बंधांनी जोडलेले असतात आणि ते बंध सतत कंप पावत असतात. प्रत्येक प्रकारच्या बंधाची कंपनाची गती ठरलेली. लेझरचा बहुतेक प्रकाश रेणूवर आपटून जसाच्या तसा परत येतो. पण साधारण एक कोटी प्रकाशकणांतला एखादा आपली थोडी ऊर्जा त्या कंपनाला देऊन येतो, आणि त्यामुळे त्याचा रंग किंचित बदलतो. बदल किती झाला यावरून कोणता बंध कंप पावला ते कळतं. असे बदललेले कण वेगळे काढून मोजले की ऊतीत, म्हणजे शरीरातल्या पेशींच्या समूहात, मेद किती, प्रथिनं किती, डीएनए किती, याचा एकत्रित ठसा मिळतो.

कॅन्सरमध्ये हा ठसा बदलतो. पेशी भराभर विभागतात, त्यांची केंद्रकं मोठी होतात, म्हणून डीएनए-आरएनएच्या खुणा वाढतात. स्तनात जिथे चरबी असायची तिथे प्रथिनं आणि पाणी वाढतं. मेंदूत चेतातंतूंवरचं मेदाचं आवरण ट्यूमरमुळे विस्कटतं आणि मेदाच्या खुणा कमी होतात. कॅन्सरचा म्हणून एकच एक रेणू नसतो, हे इथेच लक्षात ठेवायला हवं. फरक असतो तो प्रमाणांचा, आणि तोही अवयवागणिक निराळा.

## मग चित्र हवंच कशाला?

वर्णपटाला अवयवाचा नकाशा माहीत नसतो. तो एका बिंदूची खबर देतो, आणि त्या खबरीला वेळ लागतो, कारण कोटीतल्या एका कणाची वाट पाहावी लागते.

हिशेब करून पाहा. एक चौरस सेंटिमीटर कड तपासायची आहे आणि दर ५० मायक्रॉनवर एक मोजमाप घ्यायचं आहे. एका बाजूला २०० बिंदू, म्हणजे एकूण ४०,००० बिंदू. प्रत्येकाला एक सेकंद धरला तरी अकरा तासांहून जास्त. भूल दिलेला माणूस टेबलावर असताना हे कसं जमणार?

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर जो मार्ग काढला तो मला फार समंजस वाटतो. निळ्या-जांभळ्या प्रकाशात ऊती स्वतःच थोड्या चमकतात. कोलॅजन हे ऊतींना बांधून ठेवणारं प्रथिन जास्त चमकतं, पेशींनी भरलेला भाग कमी. हे चित्र चटकन घेता येतं. त्यावरून इथे सगळं एकसारखं आहे, इथे काहीतरी निराळं आहे, अशी भागांची आखणी करायची आणि रामन मोजमापं त्या निवडक जागीच घ्यायची. त्वचेच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यांवर ही जोडगोळी त्यांनी वापरून दाखवली. चित्र एकटं असतं तर केसाच्या मुळालाही ट्यूमर म्हणालं असतं, आणि वर्णपट एकटा असता तर तासन्‌तास लागले असते.

उलट दिशेनेही गरज तितकीच आहे. मेंदूच्या ऑपरेशनआधी काढलेला एमआरआय सर्जन नकाशासारखा वापरतात आणि अवजाराचं टोक कुठे आहे ते स्क्रीनवर त्या नकाशात दिसत राहतं. पण कवटी उघडली की मेंदूभोवतीचा द्रव वाहून जातो, दाब बदलतो आणि मेंदू काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटरभरही सरकतो. नकाशा सकाळचा, मेंदू आत्ताचा. अशा वेळी त्या जागेवरच टोक टेकवून ‘इथे काय आहे’ हे विचारता आलं तर शिळ्या नकाशाची चूक पकडता येते.

## एमआरआयच्याच यंत्रातली दुसरी तपासणी

अनेकांना माहीत नसतं, पण वर्णपट आणि चित्र यांची एक जोडी बऱ्याच रुग्णालयांत आधीपासून आहे. तिला एमआर स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. ती प्रकाशावर चालत नाही, एमआरआयच्याच रेडिओलहरींवर चालते. रुग्ण त्याच यंत्रात झोपलेला असतो. चित्रात शंकेची जागा निवडतात, तिथे साधारण एक घन सेंटिमीटरचा ठोकळा आखतात आणि त्या ठोकळ्यात कोणती रसायनं किती आहेत ते मोजतात. चेतापेशींत असणारं एन-अॅसिटाइल अॅस्पार्टेट कमी आणि पेशींची आवरणं झपाट्याने बनत असल्याची खूण असलेलं कोलिन जास्त, असा आलेख आला तर ट्यूमरची शंका बळावते.

यातला सर्वांत सुंदर शोध २०१२ मधला. मेंदूच्या काही ट्यूमरमध्ये आयडीएच नावाचं जनुक बदललेलं असतं. हे ट्यूमर तुलनेने सावकाश वाढतात, त्यामुळे हा बदल आहे की नाही यावर पुढचा अंदाज आणि उपचार बरेच अवलंबून असतात. अशा पेशी २-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचं एक रसायन प्रचंड प्रमाणात साठवतात, आणि ते रसायन कवटीला धक्का न लावता एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत ओळखता येतं हे तेव्हा दाखवून देण्यात आलं. जनुकातला बदल बाहेरून स्कॅनमध्ये कळणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

मर्यादा आहे ती ठोकळ्याच्या आकाराची. या रसायनांचा संदेश पाण्याच्या तुलनेत कित्येक हजार पटींनी क्षीण असतो, म्हणून ठोकळा मोठा घ्यावा लागतो. लहान गाठ असेल तर ठोकळ्यात गाठ आणि निरोगी भाग दोन्ही येतात आणि आलेख भेसळीचा निघतो.

## ऑपरेशन थिएटरमध्ये आजवर काय झालं

कॅनडातल्या माँट्रियलच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रात मैलाचा दगड मानला जातो. पेनसारखं एक उपकरण, टोकाला ऑप्टिकल फायबर. १७ रुग्णांच्या मेंदूच्या ऑपरेशनमध्ये सर्जनने ते थेट मेंदूवर टेकवलं. एका मोजमापाला ०.२ सेकंद. ज्या जागी मोजलं तिथला तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे पाठवून पडताळा घेतला. कॅन्सर असलेल्या जागांपैकी ९३ टक्के आणि निरोगी जागांपैकी ९१ टक्के यंत्राने बरोबर ओळखल्या. महत्त्वाचं हे की दाट गाठीपुरतं हे यश नव्हतं. निरोगी मेंदूत विखरून शिरलेल्या कॅन्सरच्या पेशी, ज्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांचा मागही लागत होता.

दुसरी वाट लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून आली. सर्जन विजेच्या सुरीने ऊती कापतात तेव्हा धूर निघतो. तो धूर आजवर नुसता ओढून टाकला जायचा. २०१३ मध्ये तिथल्या गटाने तो थेट रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात सोडला आणि कापलेला भाग कॅन्सरचा की निरोगी, हे एक-दोन सेकंदांत सांगून दाखवलं. २०१७ मध्ये टेक्सासमधल्या गटाने याच तत्त्वावर पण न कापता चालणारं पेन केलं. ते ऊतीवर पाण्याचा थेंब ठेवतं, त्यात उतरलेले रेणू शोषून घेतं आणि मोजतं. काटेकोरपणे पाहिलं तर ही प्रकाशाची तपासणी नव्हे, पण रासायनिक ठशावरून ओळख पटवण्याचं तत्त्व तेच.

तिसऱ्या वाटेवर चित्र आणि वर्णपट यांच्यातलं अंतरच मिटतं. एकाऐवजी दोन लेझर वापरायचे आणि त्यांच्या रंगांतला फरक एखाद्या बंधाच्या कंपनाशी अचूक जुळवायचा. मग रामनचा क्षीण संदेश कैक पटींनी वाढतो आणि बिंदूबिंदूने चटकन चित्र उभं राहतं. एक चित्र मेदाचं, एक प्रथिनांचं; दोन्ही मिळून संगणक त्यांना पॅथॉलॉजिस्टच्या ओळखीचे गुलाबी-जांभळे रंग देतो. ताजा तुकडा, गोठवणं नाही, रंगवणं नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेंदूच्या २७८ रुग्णांचे नमुने असे तपासले. संगणकाने अडीच मिनिटांच्या आत दिलेलं निदान ९४.६ टक्के वेळा बरोबर होतं, तर नेहमीच्या पद्धतीने पॅथॉलॉजिस्टनी दिलेलं ९३.९ टक्के. आणखी एक तपशील मला मोलाचा वाटतो. संगणक जिथे चुकला आणि पॅथॉलॉजिस्ट जिथे चुकले, ते रुग्ण एक नव्हते. दोघांनी एकमेकांच्या चुका सावरता येतील, असा त्याचा अर्थ.

## “९० टक्के अचूक” म्हणजे नक्की काय?

बातमी वाचताना सर्वांत जास्त फसगत इथे होते. अचूकतेचे आकडे दोन असतात. कॅन्सर असलेल्यांपैकी किती जण यंत्राने पकडले, ही संवेदनशीलता. कॅन्सर नसलेल्यांपैकी किती जणांना त्याने बरोबर सोडून दिलं, ही विशिष्टता. मथळ्यात बहुधा पहिलाच आकडा येतो.

समजा दोन्ही आकडे ९० टक्के आहेत. एक हजार माणसांची तपासणी केली आणि त्यांत कॅन्सर दहा जणांना आहे. यंत्र दहापैकी नऊ पकडेल, छान. पण उरलेल्या ९९० निरोगी माणसांतल्या ९९ जणांनाही ते ‘कॅन्सर’ म्हणेल. म्हणजे घाबरून डॉक्टरकडे धावलेल्या १०८ माणसांत खरे रुग्ण नऊ. आता तेच यंत्र ऑपरेशनच्या टेबलावर आणा, जिथे गाठीच्या कडेवर मोजलेल्या हजार जागांपैकी, समजा, निम्म्यांत कॅन्सर आहे. ५०० पैकी ४५० पकडले, निरोगी ५०० पैकी ५० चुकीचे धरले. इथे यंत्राने ‘कॅन्सर’ म्हटलं तर दहात नऊ वेळा ते खरं ठरतं. यंत्र तेच, अचूकता तीच, विश्वास मात्र कुठे वापरतो त्यावर ठरतो. सुरुवातीला मार्जिनचा कैवार घेतला तो या हिशेबामुळे.

प्रत्यक्षातले आकडे तर याहून कठीण आहेत. २०१२ मध्ये कॅनडातल्या एका गटाने त्वचेवरचे पाचशेहून जास्त डाग रामन पद्धतीने तपासले. ९५ ते ९९ टक्के कॅन्सर पकडायचे ठरवले तर विशिष्टता १५ ते ५४ टक्क्यांवर उतरत होती. दहा वेगवेगळ्या रंगांत डागाचं चित्र घेणाऱ्या ‘मेलाफाइंड’ यंत्राला अमेरिकेत २०११ मध्ये परवानगी मिळाली होती. ते जवळजवळ एकही मेलॅनोमा (त्वचेचा एक घातक कॅन्सर) सोडत नव्हतं, पण शंकास्पद दिसणाऱ्या निरुपद्रवी डागांपैकी जेमतेम दहा टक्के सोडून देत होतं. ज्याला-त्याला ‘बायोप्सी करा’ म्हणणारं यंत्र डॉक्टरांना फारसं उपयोगी पडलं नाही आणि काही वर्षांत ते बाजारातून गेलं. डर्मासेन्सरची संवेदनशीलता ९६ टक्के आहे, विशिष्टता सुमारे २१. त्यामुळे त्याने ‘लक्ष ठेवा’ म्हटलं तर बराच दिलासा धरता येतो. ‘पुढची तपासणी करा’ म्हटलं म्हणजे कॅन्सर झाला, असं मात्र अजिबात नाही. हे यंत्र त्वचारोगतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांसाठी आहे, कुणाला पुढे पाठवायचं हे ठरवायला. रुग्णाने घरी वापरायचं ते नाही.

## प्रकाश शरीरात जातो तरी किती आत?

अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवा. पांढऱ्या प्रकाशातला फक्त लाल रंग पलीकडे येतो. निळा-हिरवा हिमोग्लोबिनने खाल्ला. अवरक्ताकडे आणखी पुढे गेलं की पाणी प्रकाश खायला लागतं. मधे साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरचा पट्टा उरतो, ज्यात प्रकाश त्यातल्या त्यात खोल जातो. आणि बोटात बघा, हाड दिसत नाही, नुसता लाल उजेड पसरलेला दिसतो. प्रकाश आत जातो, पण वाटेत हजारदा दिशा बदलतो आणि आतलं चित्र पुसून टाकतो.

म्हणून पेनसारखी रामन उपकरणं मिलिमीटरभराच्या आसपासचंच सांगतात. पसरलेल्या प्रकाशावरून काही सेंटिमीटर आतलं हिमोग्लोबिन, पाणी आणि मेद मोजता येतात, मात्र अस्पष्टपणे. स्वादुपिंडातला किंवा यकृताच्या आतला कॅन्सर बाहेरून टॉर्च मारून दिसणार नाही. तसा दावा कुणी केला तर सावध व्हा.

एक वाट मात्र आशेची आहे. प्रकाश आत सोडायचा आणि बाहेर आवाज ऐकायचा. लेझरचा अतिसूक्ष्म झटका रक्ताने शोषला की तो भाग किंचित तापतो, फुगतो आणि त्यातून अल्ट्रासाउंडची लहर निघते. आवाज ऊतीत प्रकाशाइतका विखुरत नाही, म्हणून चित्र रेखीव येतं, आणि लेझरचा रंग बदलून रक्तातला ऑक्सिजनही कळतो. प्रकाशातून आवाज निघतो हे अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८० मध्येच पाहिलं होतं. या तत्त्वावर सोनोग्राफीला जोडून स्तनातल्या गाठी तपासणाऱ्या एका यंत्राला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

जिथे प्रकाश सहज पोचतो तिथे तर लगेच काम करता येतं: त्वचा, तोंड, गर्भाशयाचं मुख, आणि एंडोस्कोपमधून अन्ननलिका, आतडी. तोंडाच्या कॅन्सरवर नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘अॅक्ट्रेक’ या केंद्रात रामन वर्णपटमापनाचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे. तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातली वरवर धडधाकट दिसणारी त्वचाही तंबाखू न खाणाऱ्यांच्या त्वचेपेक्षा वेगळा वर्णपट देते, हे अशा अभ्यासांतून पुढे आलं आहे. चट्टा दिसण्याआधीचा हा इशारा असू शकतो, आणि ज्या देशात तोंडाचा कॅन्सर इतका आहे तिथे यावर जितकं काम होईल तितकं थोडं.

## लेझरने अपाय होत नाही का?

लेझर शब्दाने धास्ती वाटते. पण रामनच्या पेनांत शरीरावर टाकला जाणारा प्रकाश बहुधा लाल किंवा अवरक्त असतो. एक्स-रेसारखी डीएनए तोडण्याची ताकद त्यात नसते. धोका उरतो तो उष्णतेचा आणि डोळ्यांचा. ऊती तापू नये म्हणून लेझरच्या शक्तीवर मर्यादा घातलेली असते, आणि थिएटरमधले लोक गरजेप्रमाणे चष्मे घालतात.

## संगणकाला शिकवलं कुणी?

वर्णपटातले फरक इतके बारीक असतात की डोळ्यांनी वाचता येत नाहीत. संगणकाला हजारो नमुने दाखवून शिकवावं लागतं. प्रत्येक नमुन्यावर ‘कॅन्सर’ की ‘निरोगी’ ही चिठ्ठी लावतो पॅथॉलॉजिस्टच. त्यामुळे यंत्र पॅथॉलॉजिस्टला हटवणार ही कल्पनाच उलटी आहे. त्याचं शिक्षणच पॅथॉलॉजिस्टच्या हातून होतं.

शिकवण्यात एक चूक वारंवार होते. एकाच रुग्णाचे वीस बिंदू मोजले, दहा शिकवायला वापरले आणि उरलेले दहा परीक्षेला, तर निकाल उत्तम येतो, कारण संगणकाने कॅन्सर न ओळखता तो रुग्णच ओळखलेला असतो. परीक्षा नव्या रुग्णावर, आणि शक्य तर नव्या रुग्णालयातल्या नव्या यंत्रावर व्हायला हवी. ९८-९९ टक्क्यांची बातमी दिसली की मी आधी हेच शोधतो: किती रुग्ण होते आणि परीक्षा कुणावर घेतली. त्यात थिएटरमधले दिवे, जखमेतलं रक्त, सुरीने भाजलेला भाग हे सगळं वर्णपट बिघडवतं. प्रयोगशाळेतल्या धुतलेल्या तुकड्यावरचा आकडा तिथे टिकतोच असं नाही.

त्वचेच्या रंगाचा प्रश्न आपल्याला जवळचा आहे. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन प्रकाश शोषतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात घसरलेला असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. दोन रंगांच्या साध्या यंत्रात हे होतं, तर शेकडो रंगांच्या यंत्राची सावळ्या-काळ्या त्वचेवर वेगळी परीक्षा हवीच. डर्मासेन्सरला परवानगी देतानाही, आधीच्या चाचण्यांत ज्यांचं प्रमाण कमी होतं अशा लोकसमूहांत पुढची तपासणी करण्याची अट घालण्यात आली.

## बायोप्सी थांबवायची का, आणि पुढे काय?

थांबवायची नाही. बायोप्सीतून ‘कॅन्सर आहे’ एवढंच कळत नाही. तो कोणत्या प्रकारचा, किती आक्रमक, कोणतं औषध त्याला लागू पडेल, हे त्याच तुकड्यावरच्या पुढच्या चाचण्यांतून ठरतं. वर्णपट यातलं थोडंच सांगू शकतो. त्याने बायोप्सी नेमक्या जागेवरून घेतली जाईल आणि पुन्हा घ्यावी लागण्याची वेळ कमी येईल, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

तंत्र चांगलं आहे हे सिद्ध व्हायला अचूकतेचे आकडे पुरत नाहीत, हे मेंदूच्याच एका जुन्या चाचणीने दाखवलं आहे. ५-एएलए नावाचं औषध ऑपरेशनआधी प्यायला दिलं की निळ्या प्रकाशात ट्यूमर गुलाबी-लाल चमकतो. जर्मनीतल्या गटाने २००६ मध्ये त्याचे निकाल मांडले. चमक पाहून केलेल्या ऑपरेशनांत ६५ टक्के रुग्णांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली, साध्या प्रकाशात ३६ टक्क्यांची. सहा महिन्यांनंतर आजार न वाढलेले रुग्ण ४१ टक्के, विरुद्ध २१ टक्के. इतका स्पष्ट फायदा. तरी एकूण आयुष्य किती वाढलं हे पाहिलं तर दोन गटांत ठोस फरक सापडला नाही, कारण हा आजार गाठीपुरता राहत नाही, तो मेंदूत आधीच पसरलेला असतो. माँट्रियलच्या पेनाने ज्या विखुरलेल्या पेशींचा माग काढला, त्या याच. त्या काढल्याने माणूस अधिक जगतो का, बोलणं आणि हातपाय शाबूत ठेवून जगतो का, याचं उत्तर मोठ्या चाचण्यांतून रुग्णांना वर्षानुवर्षं भेटत राहिल्यावरच मिळतं.